बुरानचे पंख नंतर बघा, आधी इंजिनं कुठे आहेत ते बघा

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. सोव्हिएत बुरान हे पंखांचं अवकाशयान अमेरिकन स्पेस शटलची चोरलेली नक्कल होती का? ते एकदाच उडालं, म्हणजे प्रकल्प फसला असंच समजायचं का? आणि त्याला वर नेणारं एनर्जिया रॉकेट एवढं ताकदवान होतं, तर आज ते परत कुणी का बांधत नाही? शेवटी त्याने असंही लिहिलंय की याच विषयावर वर्षाचा प्रोजेक्ट करायचा विचार आहे.

माझी तीसहून जास्त वर्षं स्वयंचलित उड्डाण-नियंत्रणात गेली. आधी विमानं, मग मानवरहित यानं. त्यामुळे उत्तर लिहिताना मी बुरानच्या उतरण्यावर जास्त रेंगाळणार, हे आधीच सांगतो. 1989 च्या पॅरिस एअर शोमधला अंतोनोव-225 या प्रचंड वाहतूक विमानाच्या पाठीवर बसलेल्या बुरानचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मलाही ते हुबेहूब शटलच वाटलं होतं. काळी नाक, पांढरी पाठ, तेच त्रिकोणी पंख. पुढे याच क्षेत्रात काम करायला लागल्यावर कळलं की आपण चुकीच्या जागी बघत होतो.

आधी नकलेचा प्रश्न घेऊ. बुरानला सरकारी मंजुरी मिळाली 17 फेब्रुवारी 1976 रोजी. त्याआधी मॉस्कोतल्या उपयोजित गणित संस्थेत, म्हणजे केल्दिश यांच्या संस्थेत, शटलच्या खर्चाचा हिशेब मांडून पाहिला गेला. अमेरिकन म्हणत होते वर्षाला साठेक उड्डाणं, प्रत्येक वेळी 30 टन वर आणि 15 टन खाली. गणितज्ञांना हा व्यवहार कुठूनही जुळेना. एवढं सामान वर नेणार कोण? आणि 15 टन खाली आणायचं म्हणजे नक्की काय आणायचं? आकडे जुळत नाहीत तर यामागे लष्करी हेतू असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो हेतू कोणता ते कळलं नाही, तरी तीच क्षमता आपल्याकडेही हवी असं ठरलं. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या निर्णयात आहे. यान कशासाठी हवं हे ठरण्याआधी त्याची मापं ठरली, आणि ती मापं शेजाऱ्याच्या घरातून आली होती.

मापं तीच घेतली की आकारही बराचसा तोच येतो. सुमारे 18 मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद माल-कक्ष, 30 टन भार, आणि परत येताना बाजूला सरकण्याची मोठी क्षमता. ही शेवटची अट नीट समजून घ्या. यान दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, तेवढ्या वेळात पृथ्वी खाली साडेबावीस अंश फिरलेली असते. बायकोनुरच्या, म्हणजे सोव्हिएत उड्डाणतळाच्या, अक्षांशावर याचा अर्थ तुमची धावपट्टी दीड-दोन हजार किलोमीटर बाजूला गेली. एकाच फेरीनंतर घरी उतरायचं तर एवढं अंतर वातावरणात तिरकं जात कापावं लागतं, आणि त्याला मोठे त्रिकोणी पंखच लागतात. अमेरिकनांचे उघडपणे मिळणारे अहवाल सोव्हिएत अभियंत्यांनी बारकाईने वाचले होते, यात शंका नाही. बाह्याकार त्यांनी जाणूनबुजून तोच ठेवला, कारण कुणीतरी त्यावर पवन-बोगद्यांत वर्षं घालवून तो पारखलेला होता. म्हणून बाहेरच्या आकाराला नक्कल म्हणायचं असेल तर म्हणा, मी वाद घालणार नाही.

यानाचा सांगाडा बनवणाऱ्या मोल्निया संस्थेचे प्रमुख ग्लेब लोझिनो-लोझिन्स्की यांचा जीव मात्र वेगळ्याच आकारात होता. ते आधी स्पिराल नावाच्या छोट्या, होडीसारख्या बुडाच्या अवकाश-विमानावर काम करत होते. त्याच आकाराची बोर-4 ही मानवरहित छोटी यानं पुढे बुरानच्या उष्णतारोधक टाइल्स तपासायला वापरली. 1982 आणि 1983 मध्ये त्यातली दोन हिंदी महासागरात उतरली, आणि सोव्हिएत जहाजं ती उचलत असताना ऑस्ट्रेलियाच्या गस्ती विमानांनी फोटो काढले. त्या फोटोंवरून नासाच्या लँगली केंद्राने आकार समजून घेतला, त्यातून एचएल-20 ची रचना आली, आणि आजचं ड्रीम चेसर हे अमेरिकन अवकाश-विमान तिच्यावरून आलं. आकार असे दोन्ही बाजूंनी गेले.

आता इंजिनांकडे या.

शटलच्या शेपटीत तीन मोठी मुख्य इंजिनं होती. पोटाखालची नारिंगी टाकी म्हणजे नुसती टाकी, आणि दोन बाजूंना घन इंधनाचे बूस्टर. म्हणजे शटल स्वतःच रॉकेटचा एक भाग होतं, ते काढून घेतलं तर उरलेलं काही उडू शकत नव्हतं. एखादा साधा उपग्रह सोडायचा असला तरी शंभर टनांच्या आसपासचं यान आणि आतली माणसं वर न्यावीच लागत.

बुरानच्या शेपटीत अशी मुख्य इंजिनं नव्हतीच. होती ती कक्षेत हालचाल करण्यापुरती छोटी. द्रव हायड्रोजनवरची चारही मोठी इंजिनं, वोरोनेझच्या संस्थेने बनवलेली आरडी-0120, मधल्या टाकीच्या बुडाशी होती. म्हणजे ती टाकी स्वतःच पूर्ण रॉकेट होती. तिच्या बाजूंना चार द्रव-इंधन बूस्टर. पाठीवर बुरान बसवा किंवा दुसरं काहीही बसवा, एनर्जियाला फरक पडत नव्हता. उड्डाणाच्या वेळी वजन सुमारे 2400 टन, रेटा सुमारे 3500 टन, आणि पृथ्वीजवळच्या कक्षेत शंभर टनांच्या आसपास भार. चंद्रावरच्या मोहिमा, मंगळ, मोठी अवकाशस्थानकं, हे सगळं तिच्या जनकांच्या डोक्यात होतं. एनर्जिया संस्थेचे प्रमुख वालेंतीन ग्लुश्को यांना तर चंद्रावर वस्ती हवी होती. पंखांच्या यानासाठी पैसे मिळत होते, म्हणून त्या निमित्ताने त्यांनी आपलं रॉकेट बांधून घेतलं, असं मला कागदपत्रं वाचताना नेहमी वाटत आलंय. रॉकेटचे मुख्य रचनाकार होते बोरिस गुबानोव.

ग्लुश्को यांची गोष्ट थोडी सांगायलाच हवी. साठच्या दशकात सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य रचनाकार कोरोलेव यांना चंद्राच्या रॉकेटसाठी रॉकेल आणि द्रव ऑक्सिजन हवं होतं. ग्लुश्को यांना विषारी पण साठवायला सोपी इंधनं हवी होती. दोघांचं कधी पटलं नाही. कोरोलेव गेले, त्यांचं एन-1 रॉकेट 1969 ते 1972 या काळात चारही वेळा फसलं. 1974 मध्ये ग्लुश्को प्रमुख झाले आणि त्यांनी ते काम थांबवलं. मग त्यांनी स्वतः जे रॉकेट बांधलं त्याच्या बूस्टरमध्ये रॉकेल आणि द्रव ऑक्सिजन होतं, आणि मधल्या भागात द्रव हायड्रोजन. बुरान उडालं तेही एन-1 चा जुना मंच बदलून तयार केलेल्या जागेवरून.

बूस्टरचं इंजिन म्हणजे आरडी-170. समुद्रसपाटीला 740 टन रेटा. अमेरिकनांना चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-5 रॉकेटच्या एफ-1 इंजिनापेक्षाही जास्त. दहनकक्षातला दाब 240 वातावरणांच्या वर. एक टर्बोपंप, म्हणजे टर्बाइनने फिरणारा इंधनाचा पंप, आणि त्याला चार दहनकक्ष, कारण एकाच प्रचंड कक्षात ज्वाला थरथरायला लागते आणि ती थरथर इंजिन फोडते. चार लहान कक्षांत तिला आवरणं सोपं जातं. पण खरी अवघड गोष्ट टर्बोपंपाच्या आत होती. टर्बाइन फिरवणारा वायू जवळजवळ शुद्ध ऑक्सिजनचा, तोही गरम आणि प्रचंड दाबाखाली. अशा वायूत धातूचा एखादा बारीक कण कुठे घासला गेला तर लोखंडही कागदासारखं पेटतं. 1982 मध्ये झागोर्स्कच्या चाचणी-मंचावर या इंजिनासह संपूर्ण बूस्टर पहिल्यांदा पेटवला, आणि काही सेकंदांत स्फोट होऊन मंचच उद्ध्वस्त झाला. त्या काळात हे इंजिन सोडून द्यावं असं म्हणणारे बरेच होते. मिश्रधातू, लेप, गाळण्या, स्वच्छता, एकेक गोष्ट दुरुस्त करत ते लोक तिथून बाहेर आले. एप्रिल 1985 मध्ये याच बूस्टरवर आधारित झेनित रॉकेट उडायला लागलं.

हा भाग मी मुद्दाम लांबवला, कारण आपल्या इस्रोचं सेमी-क्रायोजेनिक इंजिनही याच पद्धतीने चालतं: रॉकेल, द्रव ऑक्सिजन, आणि ऑक्सिजनने भरलेला टर्बाइन-वायू. रेटा 2000 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 टन. 28 मार्च 2025 रोजी महेंद्रगिरीला त्याच्या पॉवर हेडची, म्हणजे दहनकक्ष सोडून उरलेल्या इंजिनाची, गरम चाचणी यशस्वी झाली, तीही अडीच सेकंदांची. अडीच सेकंदांना एवढं महत्त्व का, असं कुणी विचारलं तर झागोर्स्कचा मंच आठवा.

एनर्जिया पहिल्यांदा उडालं 15 मे 1987 रोजी, आणि तेव्हा पाठीवर बुरान नव्हतंच. होतं पोल्युस, म्हणजे स्किफ-डीएम, सुमारे 80 टनांचा काळा नळकांड्यासारखा प्रायोगिक लष्करी उपग्रह. रॉकेटने आपलं काम चोख केलं. पण एनर्जिया भाराला कक्षेत थेट सोडत नाही. कक्षेच्या किंचित अलीकडे सोडते, म्हणजे मधला प्रचंड टप्पा अवकाशात कचरा होऊन फिरत न राहता समुद्रात पडतो. शेवटचा धक्का भाराने स्वतः द्यायचा. पोल्युस उलटं बसवलेलं होतं, म्हणून आधी त्याने 180 अंश वळायचं आणि मग इंजिन पेटवायचं. ते वळलं, पण थांबलं नाही. पूर्ण गोल फिरलं आणि चुकीच्या दिशेला तोंड असताना इंजिन पेटलं. 80 टनांचं यान पॅसिफिकमध्ये गेलं. ज्यांनी नियंत्रणाचं सॉफ्टवेअर लिहिलंय त्यांना हे वाचताना पोटात खड्डा पडतो. रॉकेट, इंजिन, इंधन सगळं बरोबर, आणि क्रमातली एक आज्ञा चुकली.

म्हणूनच पुढच्या वर्षी बुरानला पहिल्याच उड्डाणात माणसाविना पाठवायचं ठरलं, याचं मोल मला फार वाटतं. शटलचं पहिलं उड्डाण 12 एप्रिल 1981 रोजी झालं ते जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन आत बसून. सोव्हिएत बाजूने ठरवलं की पहिलं उड्डाण पूर्ण स्वयंचलित.

29 ऑक्टोबर 1988 रोजी उलटी गणती 51 सेकंदांवर थांबली. दिशादर्शक यंत्रणेची जुळणी करणारा आधार-मंच ठरल्या वेळेत बाजूला झाला नाही, आणि संगणकाने स्वतःच उड्डाण रोखलं. पुढची तारीख 15 नोव्हेंबर. त्या पहाटे हवा वाईट होती, ढग खाली आलेले, जोरदार वारा, वादळाचा इशारा. बुरान या शब्दाचा अर्थच तिकडच्या गवताळ मैदानांवरचं बर्फाचं वादळ. मॉस्कोच्या वेळेनुसार सकाळी 6 वाजता ते सुटलं. रॉकेटपासून वेगळं झाल्यावर पोल्युसला न जमलेलं काम बुरानने केलं: स्वतःची इंजिनं दोनदा पेटवून 250 किलोमीटरच्या आसपासची कक्षा गाठली. आत माणसं नव्हती, जीवनरक्षक यंत्रणा पूर्ण बसवलेली नव्हती, विजेसाठी बॅटऱ्या होत्या, आणि म्हणून दोनच फेऱ्या ठरल्या होत्या.

परतीचा भाग सावकाश सांगतो. वातावरणात शिरताना यानाभोवती तापलेल्या वायूचं कवच होतं आणि संपर्क तुटतो. बुरानशी तो सुमारे 18 मिनिटं तुटला होता. संपर्क परत आला तेव्हा यान ठरल्या वाटेवर होतं. मग ते खाली आलं, इंजिनाशिवाय, एखाद्या जड ग्लायडरसारखं. प्रवासी विमान धावपट्टीकडे येताना जमिनीशी 3 अंशांचा कोन करतं. असं यान सुमारे 19 अंशांनी येतं, म्हणजे जवळपास दगड पडतो तसं. दुसरा प्रयत्न नाही. जवळ असलेली उंची आणि वेग, एवढीच पुंजी. ती लवकर संपली तर यान धावपट्टीच्या अलीकडे आपटणार, उरली तर धावपट्टी ओलांडून जाणार. म्हणून संगणक सतत एकच हिशेब करत असतो: आत्ता माझ्याकडे ऊर्जा किती आहे, आणि इथून धावपट्टीपर्यंत किती लागणार आहे?

जमिनीवरच्या नियंत्रकांना अपेक्षा होती की यान एका बाजूने वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत येईल. सुमारे 11 किलोमीटर उंचीवर असताना बुरान अचानक दुसरीकडे वळलं, धावपट्टीची रेषा आडवी ओलांडून पलीकडे निघालं. नियंत्रण कक्षातल्यांच्या छातीत धस्स झालं असणार. यान हातातून गेलं असं वाटण्यासारखाच प्रसंग होता. प्रत्यक्षात संगणकाने वाऱ्यामुळे बदललेला हिशेब पाहिला होता. ऊर्जा जास्त होती, ती खर्च करायला लांबचा मार्ग हवा होता. तो मार्ग घेऊन बुरान पलीकडच्या वळणाने परत रेषेत आलं. मिग-25 मधून सोबत उडणाऱ्या मागोमेद तोल्बोएव यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. ताशी 60 किलोमीटरचा आडवा वारा असताना 9 वाजून 24 मिनिटांनी ते यूबिलेयनी धावपट्टीवर टेकलं, अंदाजापेक्षा एक सेकंद आधी, आणि दीड किलोमीटरच्या थोडं पुढे जाऊन मध्यरेषेपासून जेमतेम 3 मीटरवर थांबलं.

याचं वजन समजायला स्वतःचा एक अनुभव सांगतो. आमच्या एका मानवरहित विमानाच्या चाचणीत शेवटच्या वळणावर विमानाने आमच्यापैकी कुणालाही अपेक्षित नसलेला मार्ग घेतला. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याचं बोट हाताने ताबा घेण्याच्या बटणावर होतं. आमच्या मनात एकच प्रश्न होता: हे चुकतंय, की आपल्याला न दिसणारं काही त्याला दिसतंय? आम्ही ताबा घेतला. नंतर नोंदी तपासल्या तेव्हा कळलं की विमान बरोबर होतं, आम्ही घाई केली. तो एक सेकंद मी अजून विसरलेलो नाही. बायकोनुरच्या लोकांनी त्या सेकंदात यंत्रावर विश्वास ठेवला, कारण त्यांनी त्या क्षणाची तयारी वर्षानुवर्षं केलेली होती.

ती तयारी कशी होती? बुरानचं एक जुळं यान होतं, त्याला पाठीमागे चार जेट इंजिनं लावलेली. ते स्वतःच्या बळावर धावपट्टीवरून उडायचं, वर जाऊन इंजिनं मंद करायचं आणि बुरानसारखं उतरायचं. नोव्हेंबर 1985 पासून त्याची 25 उड्डाणं झाली, हळूहळू उतरण्याचं काम वैमानिकाकडून संगणकाकडे सोपवत. तुलनेला, नासाच्या एंटरप्राइझ या चाचणी-शटलने 1977 मध्ये बोइंगच्या पाठीवरून सुटून फक्त 5 मुक्त उड्डाणं केली होती. शिवाय तु-154 विमानं बदलून त्यांच्यावर हवेतच उलटा रेटा देत तोच तीव्र उतार शेकडो वेळा गिरवला गेला. या वैमानिकांचे म्होरके इगोर वोल्क. राकेश शर्मा एप्रिल 1984 मध्ये ज्या साल्यूत-7 वर राहून आले, त्याच स्थानकावर तीन महिन्यांनी वोल्क गेले, आणि परत जमिनीवर आल्या आल्या त्यांना थेट तु-154 आणि मिग-25 उडवायला बसवलं. वजनरहित अवस्थेतून आलेला माणूस यान उतरवू शकेल का, हे तपासायला. (शर्मा पुढे नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी-वैमानिक होते, हे आपल्याकडच्या अनेकांना माहीत नसतं.)

शटललाही स्वयंचलित उतरण्याची व्यवस्था होती, पण ती टेकेपर्यंत कधी वापरली नाही. चाकं बाहेर काढण्यासारख्या काही गोष्टी माणसाच्या हातानेच करायच्या होत्या. कोलंबिया शटलच्या अपघातानंतर, 2006 पासून, रिकामं शटल जमिनीवरून उतरवता यावं म्हणून यानात एक खास केबल नेली जाऊ लागली. बुरानने ते 1988 मध्ये केलं होतं. आणि आपल्याकडे इस्रोच्या आरएलव्ही या पुन्हा वापरायच्या प्रायोगिक यानाने 2 एप्रिल 2023 रोजी कर्नाटकात चल्लकेरेजवळ हेलिकॉप्टरमधून सुटून स्वतः धावपट्टी गाठली. पुढच्या दोन चाचण्यांत तर त्याला मुद्दाम रेषेच्या बाजूला सोडलं, तिसऱ्यांदा 500 मीटर बाजूला, आणि तरी ते रेषेत आलं. आकाराने ते फार छोटं आहे, कक्षेतून आलेलंही नाही, पण ऊर्जेचा हिशेब तोच.

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजू तेवढ्याच स्पष्टपणे मांडायला हवी. बुरानला नेहमी ‘पुन्हा वापरता येणारं’ म्हटलं जातं. यान परत येत होतं हे खरं. पण ज्या निर्णयाने एनर्जियाला स्वातंत्र्य दिलं, त्याच निर्णयाने दर उड्डाणात चार महागडी हायड्रोजन इंजिनं समुद्रात जाणार होती. शटल आपली मुख्य इंजिनं घरी आणायचं. बूस्टर पॅराशूटने उतरवून आरडी-170 दहा वेळा वापरायचा बेत होता, पण दोन्ही उड्डाणांत एकही बूस्टर परत आला नाही. सगळेच टप्पे पंखांवर परत येतील अशी एक आवृत्ती कागदावर राहिली. म्हणजे प्रत्यक्षात जे उडालं ते पुन्हा वापरायच्या यानाखाली लावलेलं एकदाच वापरायचं रॉकेट होतं. शटलच्या 135 उड्डाणांनी दाखवलं की यान परत आणणं वेगळं आणि स्वस्तात परत उडवणं वेगळं. बुरानवर तर ही परीक्षा द्यायची वेळच आली नाही. कोणी म्हणत असेल की बुरान शटलपेक्षा श्रेष्ठ होतं, तर त्याला विचारा, एका उड्डाणावरून कसं ठरवलं?

मग ते बंद का पडलं? अनेक जण सोव्हिएत संघ कोसळला म्हणून, एवढंच सांगतात. ते अर्धंच आहे. 1988 मध्येच लष्कराला या यानाने काय करायचं हे सांगता येत नव्हतं. मीर स्थानकाचे भाग प्रोटॉन रॉकेटवर जात होते, माणसं सोयूझमधून जात होती. शंभर टनांचा दुसरा भार तयार नव्हता. जानेवारी 1989 मध्ये ग्लुश्को वारले, आणि एनर्जियासाठी भांडणारा सर्वांत वजनदार माणूस गेला. पैसे आटत गेले. 1993 मध्ये प्रकल्प अधिकृतपणे बंद झाला, तोपर्यंत तो प्रत्यक्षात कधीच थांबला होता. 1976 मध्ये न विचारलेला प्रश्न, ‘आपल्याला हे कशासाठी हवंय?’, सतरा वर्षांनीही अनुत्तरित होता. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण हजाराहून जास्त कारखान्यांत आणि संस्थांत लोकांनी आयुष्याची उमेदीची वर्षं यात घातली होती, आणि त्यांच्या कामात खोट नव्हती.

एक तपशील मला फार हलवून जातो. मीरच्या क्रिस्ताल नावाच्या भागावर बुरानसाठी जोडणीचं खास दार बसवलेलं होतं. बुरान कधी आलंच नाही. जून 1995 मध्ये त्या दाराला येऊन जोडलं गेलं ते अमेरिकेचं अटलांटिस शटल.

आता परत का बांधत नाहीत. नकाशा उघडून बसा. मधल्या टप्प्याचे भाग रशियात कुइबिशेवला, म्हणजे आजच्या समाराला, बनायचे. टाक्या एवढ्या मोठ्या की रेल्वेत मावत नव्हत्या, म्हणून जुन्या बॉम्बर विमानाच्या पाठीवर बांधून नेल्या जायच्या. बूस्टरचे सांगाडे युक्रेनमधल्या द्नीप्रोचे. रॉकेटची नियंत्रण-यंत्रणा खार्कीवची. मोठं वाहतूक विमान अंतोनोव-225 कीवचं, आणि ते फेब्रुवारी 2022 मध्ये होस्तोमेलच्या तळावर लढाईत नष्ट झालं. उड्डाणतळ कझाकस्तानात. 1991 पर्यंत हे एका देशातले पत्ते होते. वोरोनेझची हायड्रोजन-इंजिनांची ओळ बंद होऊन तीन दशकं झाली. ज्या हातांना त्या वेल्डिंगची सवय होती ते हात निवृत्त झाले, बरेच लोक गेले. नकाशे जपून ठेवता येतात, पण कोणत्या सांध्याला कुठे त्रास होतो हे नकाशात लिहिलेलं नसतं.

जगलं ते इंजिन. आरडी-170 चा अर्धा भाग म्हणजे दोन कक्षांचं आरडी-180. ते अमेरिकेने विकत घेतलं आणि 2000 पासून आधी अ‍ॅटलास-3 आणि मग अ‍ॅटलास-5 त्यावर उडालं. मंगळावरच्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या दोन्ही गाड्या अ‍ॅटलास-5 नेच निघाल्या. एका कक्षाचं आरडी-191 आज रशियाच्या अंगारा रॉकेटवर आहे. झागोर्स्कला ज्याने मंच उडवला त्या इंजिनाचं कुटुंब चार दशकं उडत राहिलं.

उडालेलं बुरान मात्र वाचलं नाही. 12 मे 2002 रोजी बायकोनुरच्या ज्या इमारतीत ते एनर्जियाच्या सांगाड्यावर बसवून ठेवलं होतं तिचं छप्पर कोसळलं. छपरावर दुरुस्तीचं काम करणारे आठ जण गेले, आणि यानाचा चुराडा झाला. दुसरं, जवळजवळ पूर्ण झालेलं यान शेजारच्याच इमारतीत धूळ खात उभं राहिलं.

जर्मनीत कुणी नातेवाईक असतील आणि कधी जाणं झालं तर ऱ्हाइनकाठच्या श्पायरच्या तंत्र-संग्रहालयात जा. चार जेट इंजिनांचं ते चाचणी-यान 2008 पासून तिथे आहे. मी तिथे अर्धा दिवस काढला, त्यातला बराचसा शेपटीखाली उभं राहून. शटलच्या शेपटीत जिथे तीन प्रचंड घंटाकृती नळ्या असायच्या, तिथे काय आहे आणि काय नाही, हे फोटोपेक्षा प्रत्यक्ष फार चांगलं कळतं.

आता प्रोजेक्टचं. संपूर्ण बुरानवर लिहू नका, ती नुसती माहितीची जंत्री होईल. शेवटचे 20 किलोमीटर घ्या. यान म्हणजे एक बिंदू धरा, वेग आणि उंचीवरून एकूण ऊर्जा काढा, उद्धरण आणि अवरोध यांचं गुणोत्तर सुरुवातीला पाचाच्या आसपास धरा. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना वळण घ्यायची दोन काल्पनिक वर्तुळं आखा आणि संगणकाला ठरवू द्या की कोणत्या वर्तुळाने जायचं. मग वारा वाढवत न्या, आणि कोणत्या क्षणी तुमचं यान बाजू बदलतं ते बघा. साध्या पायथॉनमध्ये होईल. वाऱ्याची दिशा उंचीनुसार बदलते, ती स्थिर धरू नका, तिथेच सगळी मजा आहे. पहिले आलेख निघाले की पाठवा, मी बघून सांगतो.